जमिनीचा भाव विचारण्यापूर्वी

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा प्रारंभ केला, तेव्हा त्या अरण्यात जमिनीचा भाव विचारणारा कोणी नव्हता. आलापल्लीहून भामरागडकडे जाणारी सुमारे ६० किलोमीटरची वाट पावसाळ्यात नदीनाले अडवून धरीत, आणि माडिया गोंडांच्या वस्त्यांपर्यंत ना वैद्य पोहोचत असे, ना शिक्षक. पुढील पाच दशकांत तेथे रुग्णालय उभे राहिले, १९७६ मध्ये शाळा सुरू झाली, २००८ मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला आणि २०१४ मध्ये त्यांच्या कार्यावरील चित्रपटाने हेमलकसा हे नाव घराघरांत पोहोचविले. दरम्यान रस्ता सुधारला. शेजारच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरांतून लोहखनिज निघू लागले आणि चामोर्शी तालुक्यात कोनसरी येथे पोलाद उद्योगाची उभारणी झाली. ज्या प्रदेशाकडे बदली म्हणजे शिक्षा असे मानले जाई, त्या प्रदेशाचे नाव आता भांडवलाच्या चर्चेत घेतले जाते.

अशा वेळी नागपूर-चंद्रपूरच्या मध्यमवर्गीय घरांत, नुकताच भविष्य निर्वाह निधी हाती पडलेल्या एखाद्या निवृत्त माणसाच्या मनात, 'त्या बाजूला दोन एकर घेऊन ठेवावेत काय?' असा प्रश्न उद्भवला तर त्यात नवल नाही. स्थावर मालमत्तेवर आपल्या समाजाची श्रद्धा जुनी आहे. सोने चोरीस जाते, बँक बुडते, परंतु जमीन कोठे पळून जात नाही, ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. जमीन पळून जात नाही हे खरेच. पण ती आपल्या हातून निसटून जाऊ शकते, किंबहुना ती आपल्या हाती कधी आलेलीच नव्हती असेही एक दिवस सिद्ध होऊ शकते, हे मात्र नवा खरेदीदार ध्यानात घेत नाही. जमिनीच्या व्यवहारात नवशिक्याकडून होणाऱ्या चुका पुण्यात होतात, सिंधुदुर्गात होतात, तशा गडचिरोलीतही होतात. फरक इतकाच की, शहरात ज्या चुकांचे परिणाम वाढत्या भावाखाली झाकले जातात, त्या हेमलकशाच्या परिसरात उघड्या पडतात. म्हणून त्या चुका समजून घेण्यास याहून योग्य स्थळ नाही.

विकणाऱ्याची तयारी म्हणजे अधिकार नव्हे

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक अशी की, नवा गुंतवणूकदार प्रथम भाव विचारतो. जमिनीचा मालक विकण्यास राजी आहे, किंमत ठरली आहे, पैसे तयार आहेत. मग अडचण कसली? बाजारातील इतर वस्तूंच्या बाबतीत हा युक्तिवाद पुरेसा असतो. जमिनीच्या बाबतीत तो अपुरा आहे आणि अनुसूचित क्षेत्रातील जमिनीच्या बाबतीत तर तो सर्वस्वी चुकीचा आहे. भामरागड तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ३६-अ अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण वा पट्टा यांपैकी कोणत्याही मार्गाने पूर्वमंजुरीवाचून देता येत नाही. पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यासाठी किंवा गहाणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. विक्रीसाठी त्याखेरीज राज्य शासनाचीही पूर्वमान्यता लागते. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत होणारी विक्रीदेखील या निर्बंधातून सुटलेली नाही. हे कलम केवळ अनुसूचित क्षेत्रापुरते नसून राज्यातील प्रत्येक आदिवासी खातेदाराला लागू आहे. अनुसूचित क्षेत्रात त्यावर १९९६ च्या 'पेसा' कायद्याची जोड आहे. जमिनीचे अन्यसंक्रमण रोखण्याचा आणि बेकायदा गेलेली जमीन परत मिळविण्यासाठी कारवाई करण्याचा अधिकार त्या कायद्याने ग्रामसभेच्या हाती दिला आहे.

तेव्हा विकणाऱ्याची संमती ही येथे व्यवहाराची केवळ सुरुवात आहे. मंजुरीविना झालेल्या हस्तांतरणाची जिल्हाधिकारी स्वतःहून चौकशी करू शकतात, आणि उल्लंघन ठरल्यास ती जमीन खरेदीदाराकडून काढून घेतली जाते. 'आम्ही रोख पैसे मोजले, कोणावर बळजबरी केली नाही' हा बचाव त्या वेळी उपयोगी पडत नाही.

हा निर्बंध म्हणजे एखाद्या अधिकाऱ्याची लहर नव्हे. त्याच सुमारास महाराष्ट्र विधिमंडळाने अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्यासंबंधीचा स्वतंत्र अधिनियम केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी मूळ मालकांना परत करण्याची तरतूद त्यात होती. याचा अर्थ असा की, ज्यांनी त्या काळात रीतसर मोबदला देऊन जमिनी घेतल्या होत्या, त्यांनाही त्या परत कराव्या लागल्या. आणि त्यांना मिळावयाच्या परतफेडीचा हिशेब बाजारभावाने होणार नव्हता. हा कायदा घटनाबाह्य असल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर १९८४ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरविला. दुर्बलांचे आर्थिक हित जपणे हे राज्याचे घटनादत्त कर्तव्य आहे आणि विषम पक्षांत झालेला करार हा केवळ करार म्हणून पवित्र ठरत नाही, हा त्या निर्णयाचा आशय. नव्या खरेदीदाराने यातून घ्यावयाचा बोध असा : जमिनीच्या व्यवहारात काळ गेला म्हणजे दोष धुतला जातो, असे नाही.

कागद आणि हक्क

दुसरी चूक कागदासंबंधीची आहे. सातबाऱ्याचा उतारा हाती पडला की खरेदीदाराला मालकीचे दर्शन झाल्यासारखे वाटते. वस्तुतः सातबारा हा महसुलासाठी ठेवलेला अभिलेख आहे. त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकेच तिचे बळ. फेरफार मंजूर झाल्याने मालकी निर्माण होत नाही, आणि दुय्यम निबंधकाने दस्त नोंदवून घेतला म्हणजे शासनाने मालकीची हमी दिली असेही होत नाही. नोंदणी ही व्यवहार झाल्याची साक्ष आहे. व्यवहार करणाऱ्याला तो करण्याचा अधिकार होता याची ती साक्ष नव्हे.

म्हणून सातबारा केवळ पाहावयाचा नसतो, वाचावयाचा असतो. खातेदार भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, इतर हक्कांच्या स्तंभात काय लिहिले आहे, जुने फेरफार कोणत्या कारणाने झाले, शेजारच्या खातेदारांचे म्हणणे काय, मोजणीचा नकाशा आणि प्रत्यक्ष बांध जुळतात की नाही, हे सारे पाहावे लागते. खरेदीदार स्वतः शेतकरी नसेल, तर विदर्भासाठी असलेल्या १९५८ च्या कुळकायद्याचे कलम ८९ त्याला शेतजमीन घेण्यास प्रतिबंध करते, याचाही अनेकांना पत्ता नसतो.

वनप्रदेशात तर कागद वाचण्याचे काम आणखी अवघड होते. गडचिरोली जिल्ह्याच्या क्षेत्रफळापैकी निम्म्याहून कितीतरी अधिक भाग वनाच्छादित आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने वनभूमीचा वनेतर वापर केंद्र शासनाच्या मान्यतेवाचून अशक्य केला. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने 'वन' या शब्दाची व्याप्ती मालकी कोणाचीही असली तरी लागू होईल इतकी विस्तृत केली. पूर्व विदर्भातील महसुली दप्तरांत 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेल्या जमिनी वर्षानुवर्षे पडीक समजून वापरल्या गेल्या होत्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याही वनजमिनीच असल्याचा निर्वाळा दिला. उताऱ्यावरील हे दोन शब्द ज्याने वाचले नाहीत, त्याने जमीन घेतली नाही, कज्जा घेतला.

वनहक्क कायद्याखाली मिळालेल्या पट्ट्यांची गोष्ट याहून स्पष्ट आहे. २००६ चा हा कायदा अरण्यवासी कुटुंबाला कसत असलेल्या जमिनीचा हक्क देतो, पण तो हक्क वारसाने जातो, विक्रीने जात नाही. असा पट्टा दाखवून कोणी सौदा करू पाहत असेल, तर तो जे विकता येत नाही तेच विकत आहे.

या अडचणी टाळण्यासाठी मग आडवाटा सुचविल्या जातात. मुद्रांक कागदावर साधा करारनामा करावा, इसार देऊन ताबा घ्यावा, किंवा कुलमुखत्यारपत्र करून ठेवावे. मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या 'विक्री'ने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. त्याहून घातक आडवाट म्हणजे एखाद्या आदिवासी ओळखीच्या माणसाच्या, नोकराच्या वा भागीदाराच्या नावे जमीन घेणे. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, हा व्यवहार बेनामी ठरतो. १ नोव्हेंबर २०१६ पासून अमलात आलेल्या सुधारित कायद्यानुसार अशी मालमत्ता जप्त होऊ शकते, एक ते सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते आणि मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याची भीती क्षणभर बाजूला ठेवली तरी एक साधा प्रश्न उरतो. ज्याच्या नावावर जमीन आहे तो उद्या 'ही माझीच' म्हणाला, तर खरेदीदार कोणत्या तोंडाने न्यायालयात जाणार?

वार्तेवरची खरेदी

तिसरी चूक अर्थशास्त्रीय आहे. रेल्वे येणार, कारखाना येणार, महामार्ग रुंद होणार, पर्यटनस्थळ जाहीर होणार, अशा वार्तेवर जमीन घेणे ही नव्या गुंतवणूकदाराला दूरदृष्टी वाटते. पण जी वार्ता त्याच्या कानी आली, ती विकणाऱ्याच्या आणि मध्यस्थाच्या कानी आधीच पोहोचलेली असते. भावी लाभ आजच्या किमतीत मिळविला गेलेला असतो. प्रकल्प आला तर खरेदीदाराला वाजवी परतावा मिळेल, न आला तर नुकसान मात्र सर्व त्याचे. शिवाय घोषणा आणि कायदा यांत अंतर असते. आदिवासींना आपली जमीन खासगी उद्योगांना थेट भाडेपट्ट्याने देता यावी, असा कायदा करण्याचा मानस सप्टेंबर २०२५ मध्ये शासनाच्या वतीने जाहीर झाला, तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. मानस ऐकून इसार देणारा माणूस गुंतवणूक करीत नाही, पैज लावतो.

प्रकल्पासाठी भूसंपादन होईल आणि भरघोस मोबदला मिळेल, या आशेने आधीच जमीन घेऊन ठेवणाऱ्यांनी २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४१ अवश्य वाचावे. अनुसूचित क्षेत्रात संपादन हा अखेरचा उपाय असावा, असे ते कलम म्हणते. प्रचलित कायदे डावलून झालेले आदिवासी जमिनीचे हस्तांतरण शून्यवत मानले जाईल आणि पुनर्वसनाचे लाभ मूळ आदिवासी मालकाला मिळतील, असेही ते सांगते. म्हणजे ज्या लाभासाठी ही सारी धडपड, तोच लाभ विकणाऱ्याच्या घरी परत जातो.

चौथी चूक हिशेबाची. दहा वर्षांपूर्वी अमुक लाखाला घेतलेली जमीन आज दुप्पट झाली, असे अभिमानाने सांगितले जाते. समजा, एखाद्याने दहा लाख रुपये सात टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले, तर दहा वर्षांत त्याचे सुमारे १९ लाख ६७ हजार होतात. म्हणजे जमीन दुप्पट झाली याचा अर्थ तिने ठेवीची जेमतेम बरोबरी केली. त्यातून मुद्रांक शुल्क, नोंदणी, मोजणी, कुंपण, राखणदार, वकील आणि वारंवारच्या खेपा यांचा खर्च वजा केला, तर बरोबरीही राहत नाही. शिवाय ठेव चार दिवसांत मोडता येते. घरात आजारपण आले किंवा मुलीचे शिक्षण अडले, तर भामरागडच्या रस्त्यावरची जमीन चार महिन्यांत तरी विकली जाईल काय? २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे राहत होती. जेथे वस्ती विरळ, तेथे गिऱ्हाइकेही विरळ. उतारवयातील सर्व संचय अशा एकाच, न मोडता येणाऱ्या मालमत्तेत अडकविणे हे धाडस नव्हे, अविचार आहे.

आणि पाचवी चूक अगदी साधी. खरेदीदार जमीन पाहावयास डिसेंबरात किंवा जानेवारीत जातो. हवा आल्हाददायक असते, रस्ता कोरडा असतो, पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती यांचा संगम शांत दिसतो. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामधून वाहणारी पर्लकोटा पावसाळ्यात पुलावरून वाहते आणि भामरागडचा संपर्क तुटतो. २०१९ च्या पावसाळ्यात तर भामरागडच्या वस्तीत पुन्हा पुन्हा पुराचे पाणी शिरले. जमीन श्रावणात पाहावी, हा जुन्या शेतकऱ्याचा शहाणपणा नकाशापेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

मूल्य कोणी निर्माण केले?

या साऱ्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. जमीन विकण्याचे, गहाण ठेवण्याचे स्वातंत्र्य नसेल, तर आदिवासीच्या जमिनीला बाजारमूल्य येत नाही, तिच्यावर कर्ज उभे राहत नाही, आणि संरक्षणाच्या नावाखाली तो दारिद्र्यात कायम राहतो, असे काही अर्थतज्ज्ञ म्हणतात. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. पतपुरवठ्याची पर्यायी व्यवस्था न उभारता केवळ निर्बंध लादणे हे अपुरे धोरण आहे. परंतु बाजारातील किंमत ही न्याय्य किंमत ठरण्यासाठी दोन्ही पक्षांना सारखी माहिती आणि थांबण्याची सारखी ताकद असावी लागते. घरात ताप आलेले मूल, हातात नसलेला पैसा आणि मराठी कागद न वाचता येणारा माणूस एका बाजूला, आणि रोख रक्कम घेऊन मोटारीतून उतरलेला शहरी माणूस दुसऱ्या बाजूला, अशा स्थितीत ठरते ती किंमत नसते, ती निकड असते. महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. सावकारांच्या खतपत्रांखाली जमिनी गमावलेल्या शेतकऱ्यांनी १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे वह्या जाळल्या आणि दंग्यांचे लोण पसरले, तेव्हा कराराच्या पावित्र्याचा पुरस्कार करणाऱ्या ब्रिटिश सरकारलाही १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षक कायदा करावा लागला होता. गडचिरोलीतील कायदा त्याच धड्याचा उत्तराध्याय आहे.

आणखी एक गोष्ट. रिकार्डोने १८१७ मध्ये खंडाचा सिद्धांत मांडला तेव्हापासून अर्थशास्त्र सांगत आले आहे की, जमिनीचा खंड हा जमीनमालकाच्या श्रमाचे फळ नसतो. हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये त्याच विचाराला सामाजिक टोक दिले : जमिनीची किंमत समाज वाढवितो, लाभ मात्र मालक घेतो. हेमलकशाच्या आसपासच्या जमिनीला आज काही किंमत येत असेल, तर ती तेथे पन्नास वर्षे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी, मुलांना वाचावयास शिकविणाऱ्या शिक्षकांनी, सार्वजनिक पैशाने झालेल्या रस्त्याने आणि ते अरण्य राखून ठेवणाऱ्या माडिया समाजाने निर्माण केली आहे. या मूल्याचा पहिला वाटेकरी कोण असावा, हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही.

त्याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने जमिनीकडे पाहण्याची दुसरी रीत दाखविली आहे. २००९ मध्ये या गावाला आपल्या वनावरील सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपल्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा मार्ग पत्करला. सर्वांनी हेच करावे असे नाही. पण जमीन ही विकण्यासाठीच असते, हे गृहीत त्या गावाला मान्य नाही, एवढे नव्या गुंतवणूकदाराने ओळखले पाहिजे. आपण ज्या प्रदेशात पैसा घेऊन जातो, तेथील लोक जमिनीला काय समजतात, हे न जाणता केलेली गुंतवणूक आंधळी असते.

मग ज्याला खरोखरच जमिनीत पैसा घालावयाचा आहे, त्याने काय करावे? जेथे आपण राहतो, जेथील तलाठी, शेजारी आणि पाण्याची वाट आपल्याला ठाऊक आहे, अशा ठिकाणापासून सुरुवात करावी. किमान तीस वर्षांचा मालकीचा शोध जाणत्या वकिलाकडून करून घ्यावा. हा वकील विकणाऱ्याने सुचविलेला नसावा. भूखंडांची आखणी विकली जात असेल, तर ती महारेराकडे नोंदलेली आहे की नाही, हे पाहावे. पाच-सात वर्षे लागणार नाहीत, एवढाच पैसा त्यात घालावा. आणि इसाराची रक्कम खिशातून काढण्यापूर्वी तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : ही जमीन कोणाची? ती विकण्याचा त्याला अधिकार आहे काय? आणि ती विकल्यानंतर तो कशावर जगणार? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाल्यानंतरच चौथा प्रश्न, भावाचा, विचारावा.

हेमलकशाच्या परिसरात पहिल्या दोन प्रश्नांपाशीच बहुतेक सौदे संपतात. ते तेथे संपावेत यातच खरेदीदाराच्या कष्टाच्या पैशाचे रक्षण आहे, आणि ज्याच्याजवळ जमिनीखेरीज दुसरे काहीच नाही, त्या माडिया शेतकऱ्याचेही.